सलगमाची साठवण

चेन्नईच्या दक्षिण भागात वेलचेरी नावाची वस्ती आहे. सरकारी नोकरीच्या निमित्ताने 2015 साली मी तेथे बिऱ्हाड केले. परक्या गावी गेलेल्या माणसाला सर्वांत आधी ओळख करून घ्यावी लागते ती भाजीवाल्यांची. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक बाई रोज सकाळी भाजी मांडून बसतात. त्यांच्या मांडणीतली एक शिस्त पहिल्या आठवड्यातच माझ्या ध्यानात आली. डाव्या हाताला पडवळ, दोडका, वांगी, गवार, शेवग्याच्या शेंगा, केळफूल, सुरण आणि कोहळ्याच्या फोडी. उजव्या हाताला बटाटा, कोबी, गाजर, बीट, फरसबी, नवलकोल आणि थंडीच्या दिवसांत क्वचित जांभळ्या खांद्याचा पांढरा सलगम. चौकशी करता कळले, की डावीकडची ती ‘नाट्टु काय्’, म्हणजे देशी भाजी, आणि उजवीकडची ती ‘इंग्लिश काय्’. इंग्रजांचे राज्य जाऊन पाऊणशे वर्षांहून अधिक काळ लोटला. पण भाजीच्या टोपल्यांत त्यांची वाटणी अद्याप कायम आहे.

ही वाटणी केवळ बाजारातली नाही. तमिळ ब्राह्मणांच्या घरांत श्राद्धाच्या स्वयंपाकाला उजवीकडची भाजी चालत नाही. मिरचीसुद्धा चालत नाही, तिच्या जागी मिरे वापरतात. पितरांना जे ठाऊक नव्हते ते त्यांच्या पानात वाढू नये, असा त्यामागचा भाव असावा. इतिहासाच्या अभ्यासकाला अशा रूढींचा उपयोग जुन्या दप्तरांइतकाच होतो. मात्र दप्तराप्रमाणे रूढीही तपासून घ्यावी लागते. आपल्याकडे श्राद्धाला आळू, कारले, गवार यांच्या बरोबरीने लाल भोपळा चालतो, आणि तो तर मूळचा अमेरिकेतला! घरोघरची स्मृती पुष्कळ जपते, पण कधी कधी पाहुण्यालाही घरचाच समजते.

आज मला बोलायचे आहे ते या उजव्या हाताच्या टोपलीबद्दल, आणि विशेषेकरून तिच्यातल्या त्या सलगमाबद्दल. ही भाजी मद्रासला आली कशी, येथे रुजली किती, आणि ती टिकवण्यासाठी माणसांनी काय काय केले, याचा मागोवा घेऊ लागलो तेव्हा मला एक गोष्ट उमगत गेली. भाजी पिकवण्याचा इतिहास आपण पुष्कळ सांगतो. पण भाजी साठवण्याचा इतिहास त्याहून महत्त्वाचा आहे, आणि प्रत्येक प्रदेशाने आपले कोठार आपल्या हवामानातून शोधून काढलेले असते. ते कोठार विसरले, की मग हाल होतात. हे मी पुस्तकात वाचून शिकलो नाही. वेलचेरीनेच मला ते शिकवले. पण त्या अनुभवाकडे मी शेवटी येईन.

सलगम हा स्वतःच एक साठा आहे. ही वनस्पती दोन वर्षांचे आयुष्य घेऊन जन्माला येते. पहिल्या वर्षी ती पाने धरते आणि त्या पानांनी तयार केलेले अन्न जमिनीलगतच्या मुळात साठवून ठेवते. मग हिवाळा येतो. त्या थंडीची खूण पटल्यावर दुसऱ्या वसंतात ती साठवलेल्या अन्नाच्या बळावर तुरा काढते, फुलते आणि बी धरते. आपण जो कंद म्हणून खातो, ती त्या झाडाने पुढच्या वर्षासाठी केलेली बेगमी होय. थंडी मिळालीच नाही, तर कंद धरतो, पण विलायती जातीच्या सलगमाला फूल येत नाही आणि बी मिळत नाही. ही एवढी गोष्ट ध्यानात ठेवली, म्हणजे पुढचा सारा इतिहास उलगडतो.

युरोपातल्या शेतकऱ्याने झाडाची ही बेगमी आपल्या उपयोगाला लावली. इंग्लंडात नॉरफोकचे व्हायकाउंट टाउनशेंड हे 1730 साली मंत्रिपद सोडून आपल्या रेनम येथील जहागिरीवर जाऊन राहिले आणि त्यांनी सलगमाच्या शेतीचा इतका पुरस्कार केला, की लोक त्यांना ‘सलगम टाउनशेंड’ म्हणू लागले. त्यांच्या आधीही नॉरफोकमध्ये सलगम पिकत होता. पण गहू, सलगम, जव आणि क्लोव्हर नावाचे घासाचे पीक अशी चार वर्षांची पाळी रूढ करण्यात त्यांच्या नावाचा मोठा वाटा झाला. जमीन पडीत न ठेवता तिचा कस राखता आला, आणि हिवाळ्यात गुरांना चारा मिळू लागला. हा कंद ठेवायचा कसा? शेताच्या कडेला कोरड्या जागी गवताचा थर द्यायचा, त्यावर कंदांचा ढीग रचायचा, वरून पुन्हा गवत आणि त्यावर मातीचा जाड लेप. वाफ बाहेर पडण्यासाठी माथ्याशी गवताची एक वात उघडी ठेवायची. बाहेर बर्फ पडत असताना आत कंद ताजे राहत. आजचे शास्त्र सांगते, की शून्य अंशाच्या जवळ तपमान आणि नव्वद टक्क्यांहून अधिक आर्द्रता असेल, तर सलगम चार महिने टिकतो. इंग्लंडच्या शेतकऱ्याला हे निसर्गाने फुकट दिले होते. तेथील थंडी हेच त्याचे कोठार.

आपल्या देशातही सलगमाचे जुने घर आहे, आणि तेही थंडीच्याच प्रदेशात. सलगम हा शब्दच मुळी फारसी. काश्मिरात त्याला गोगजी म्हणतात. तेथे शरद ऋतूत सलगमाच्या चकत्या दोऱ्यात ओवून माळा करतात आणि त्या उन्हात वाळवतात. वांगी, दुध्या, टोमॅटो यांचीही तीच गत. हिमवर्षावाने वाटा बंद झाल्या, की या वाळवलेल्या भाज्यांवर घर चालते. लडाखात तर जमिनीत खड्डे खणून मुळा, सलगम, बटाटा यांचा साठा पुरून ठेवतात. एकाच देशात एक कोठार थंडीचे आणि एक उन्हाचे, दोन्ही शेजारी शेजारी नांदताना दिसतात.

आता मद्रासकडे वळू. 1639 साली इंग्रज कंपनीला चोळमंडलाच्या किनाऱ्यावर जागा मिळाली आणि पुढे फोर्ट सेंट जॉर्ज उभा राहिला. पण पाहुण्या भाज्यांची वाट त्याआधीच खुली झाली होती. दक्षिणेला सान थोमे येथे पोर्तुगीज होते, उत्तरेला पुलिकत येथे डच होते. त्यांच्या येण्याची खूण आपल्या भाषेत अजून शिल्लक आहे. ‘बटाटा’ हा शब्द आपण पोर्तुगिजांकडून घेतला. ‘फरसबी’ ही इंग्रजांची ‘फ्रेंच बीन’. आणि ‘नवलकोल’ हे नाव ऐकून या भाजीत नवल ते काय, असा प्रश्न पडतो. पण त्यात नवलाचा काही संबंध नाही. गाठीची कोबी या अर्थाच्या डच शब्दाचे ते मराठी रूप आहे. ‘क्नोल’ म्हणजे कंद आणि ‘कोल’ म्हणजे कोबी. तमिळमध्ये याच शब्दाचे ‘नूल्कोल’ झाले. तमिळ माणसाने त्यात ‘नूल’ म्हणजे सूत पाहिले, मराठी माणसाने नवल पाहिले, आणि डच व्यापारी मात्र दोघांच्याही स्मरणातून गेला. नवलकोल म्हणजे सलगमाचा चुलतभाऊच. दिसायला सारखा, पण तो जमिनीवर फुगलेल्या देठाचा. वेलचेरीच्या बाजारात पुष्कळदा सलगम मागितला, की नवलकोल हाती येतो, तो या साधर्म्यामुळे.

नावे आली, पण बी येणे सोपे नव्हते. मद्रासच्या मैदानी उन्हात थंडीचे दिवस जेमतेम डिसेंबर-जानेवारीचे. तेवढ्यात सलगमाचा कंद कसाबसा धरतो; बी धरत नाही. म्हणजे दर वर्षी नवे बी विलायतेहून मागवावे लागे. सुएझचा कालवा 1869 साली खुला झाला. त्यापूर्वी जहाज आफ्रिकेला वळसा घालून येई, आणि त्या प्रवासात महिन्यांमागून महिने जात. जहाजाच्या तळघरात ऊब आणि दमट हवा. बियांचे दोन शत्रू. बरेचसे बी वाटेतच मरून जाई. पिकवण्याचा प्रश्न अशा रीतीने साठवणीच्या प्रश्नावर येऊन थांबला. कंद साठवायचा तर थंडी हवी. बी साठवायचे तर कोरडेपणा हवा. आणि मद्रासला दोन्हींचा तुटवडा.

यावर उपाय निघाला तो डोंगरात. कोइमतूरचे कलेक्टर जॉन सलिव्हन हे 1819 साली निलगिरीवर चढले, आणि पुढच्या काही वर्षांत त्यांनी उटकमंड येथे दगडी घर बांधून आपला मुक्काम हलवला. त्यांनी तेथे युरोपी धान्ये आणि भाज्या लावून पाहिल्या. डोंगरातली थंडी पाहुण्यांना मानवली. 1845 च्या सुमारास उटीतल्या युरोपियन रहिवाशांनी दरमहा तीन रुपये वर्गणी ठेवून एक सामाईक भाजीची बाग काढली. वर्गणीदारांना माफक दरात भाजी मिळावी एवढाच तिचा हेतू. ती बाग फार काळ चालली नाही. पण तिच्यातूनच पुढे उटीच्या वनस्पती-उद्यानाचा जन्म झाला, आणि 1848 साली विल्यम मॅकआयव्हर हे बागकामाचे तज्ज्ञ तेथे येऊन दाखल झाले. आज हजारो प्रवासी ज्या बागेची हिरवळ पाहायला जातात, तिचे मूळ कोणाच्या तरी स्वयंपाकघरात आहे! निलगिरीच्या बडगा शेतकऱ्यांनी बटाटा, कोबी, गाजर आपलेसे केले, आणि आज मद्रासच्या उजव्या टोपलीतला मोठा भाग त्यांच्याच उतारांवर पिकतो.

मराठी श्रोत्याला ही कथा ऐकताना महाबळेश्वर आठवल्यावाचून राहणार नाही. तेथेही 1834 पासून तीस वर्षे एक तुरुंग होता, आणि त्यात मलाक्काच्या बाजूने आणलेले चिनी व मलायी कैदी ठेवलेले होते. त्या कैद्यांनी डोंगरावर बटाटा आणि इतर विलायती भाज्यांचे मळे फुलवले. इकडे कलेक्टर, तिकडे कैदी. पण दोन्हीकडे डोंगराची थंडी हेच भांडवल. मद्रासला जशी उटी, तसे आपल्याकडे महाबळेश्वर.

डोंगरात पिकलेली भाजी खाली आणायची कशी, हा पुढचा प्रश्न. मद्रासहून पहिली आगगाडी 1856 साली वालाजापर्यंत धावली. निलगिरीच्या पायथ्याला मेट्टुपाळयम येथे लोहमार्ग 1873 साली पोहोचला, आणि उटीपर्यंत दातेरी रुळांची गाडी 1908 साली. मधल्या काळात मद्रासने थंडीच विकत आणून पाहिली. अमेरिकेतील बोस्टनचे व्यापारी फ्रेडरिक ट्यूडर हे तेथील गोठलेल्या तळ्यांतला बर्फ कापून, लाकडाच्या भुशात गुंडाळून जहाजाने जगभर पाठवीत. 1833 साली त्यांच्या ‘टस्कनी’ जहाजाने सुमारे 180 टन बर्फ कलकत्त्यास निघाला. चार महिन्यांच्या प्रवासानंतर त्यातला सुमारे शंभर टन शिल्लक होता. 1842 साली मद्रासच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांनी बर्फ ठेवण्यासाठी एक गोलाकार इमारत बांधली. ‘आइस हाउस’ हे नाव त्या भागाला अजून चिकटून आहे. पुढे यंत्राने बर्फ होऊ लागला आणि हा धंदा बसला. इमारत मात्र राहिली; 1897 साली स्वामी विवेकानंद परदेशातून परतल्यावर तेथेच उतरले, आणि आज ती त्यांच्या नावाने ओळखली जाते. परक्या देशाचा हिवाळा जहाजातून आणून कोठारात ठेवणे, ही कल्पना आज हास्यास्पद वाटेल. पण आपल्या घरातला शीतकपाट म्हणजे तरी दुसरे काय?

वेलचेरीपासून दोन-तीन मैलांवर सैदापेट आहे. तेथे मद्रासचे गव्हर्नर सर विल्यम डेनिसन यांच्या प्रेरणेने 1865 च्या सुमारास एक प्रायोगिक शेत सुरू झाले. विलायतेहून नांगर आणि यंत्रे मागवली गेली. 1868 साली तेथे शेतकीचे शिक्षण सुरू झाले; तीच संस्था 1906 साली कोइमतूरला हलली, आणि आजचे तमिळनाडू कृषी विद्यापीठ आपला उगम सैदापेटलाच मानते. इंग्लंडमध्ये जे यशस्वी झाले ते येथे जसेच्या तसे यशस्वी होईल, हा त्या काळचा विश्वास. तो फार टिकला नाही. 1889 साली इंग्लंडातील राजेशाही कृषिसंस्थेचे रसायनतज्ज्ञ डॉ. जॉन ऑगस्टस व्हॉल्कर यांना सरकारने हिंदुस्थानच्या शेतीची पाहणी करण्यास पाठवले. 1893 साली त्यांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यांनी मोकळेपणाने लिहिले, की येथला शेतकरी अडाणी आहे हा समज चुकीचा आहे. कित्येक बाबतींत तो इंग्लंडमधल्या सामान्य शेतकऱ्याच्या बरोबरीचा, क्वचित सरसही आहे, आणि उणीव आहे ती साधनांची, पाण्याची व खताची. एका शासकीय नोकराला हा अहवाल वाचताना आनंदही होतो आणि थोडी लाजही वाटते. आनंद अशासाठी, की शिकवायला आलेला माणूस शिकून गेला. लाज अशासाठी, की त्यांनी जे दाखवले ते पाहायला आपल्याला परक्या डोळ्यांची गरज लागली.

मग येथल्या शेतकऱ्याचे कोठार कोणते? मद्रासच्या बाईला विचारा. ती गच्चीकडे बोट दाखवील. चैत्र-वैशाखात येथे उन्हाचा जो कहर होतो, त्याचाच तिने साठा केला. गवारीच्या शेंगा, सुंडक्काय नावाची कडसर रानफळे, कामोणीची फळे, मिरच्या. मीठ घातलेल्या ताकात रात्रभर भिजवायच्या, दिवसा उन्हात पसरायच्या, संध्याकाळी पुन्हा त्याच ताकात घालायच्या, आणि ताक आटेपर्यंत हा क्रम चालवायचा. मग कडकडीत वाळल्या, की बरणीत. याला ‘वत्तल’ म्हणतात. ईशान्येचा पाऊस ऑक्टोबरपासून डिसेंबरपर्यंत कोसळतो, ताजी भाजी महागते, तेव्हा हे वत्तल चिंचेच्या पाण्यात उकळून त्याचे कुळंबू करतात. आपल्याकडची सांडगी मिरची, कोहळ्याचे सांडगे, वाळवलेली गवार यांची ही सख्खी बहीण. फरक एवढाच, की आपला पाऊस जूनमध्ये येतो, त्यांचा ऑक्टोबरमध्ये. म्हणून आपल्या बरण्या आधी उघडतात.

ही बहीण कोणी कोणाकडून शिकली, हे ठरवण्याच्या भरीस मी पडत नाही. पण दोघींची गाठ कोठे पडली हे सांगता येते. 1675 च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतले आणि 1855 पर्यंत तेथे भोसल्यांचे राज्य राहिले. मराठी कारभारी, शास्त्री, हरदास, स्वयंपाकी कावेरीच्या काठी वसले. सरफोजी महाराजांच्या मुदपाकखान्यातील पाककृती ‘शरभेंद्र पाकशास्त्र’ या नावाने जतन झाल्या आहेत. त्यांत इंग्रजी पद्धतीच्या पदार्थांचीही नोंद आहे. म्हणजे तंजावरच्या राजवाड्यात दोन्ही टोपल्या एकाच ओट्यावर आल्या होत्या. त्या घराण्यांची नातवंडे-पतवंडे आज चेन्नईत विखुरली आहेत. घरात जुनी मराठी बोलतात, बाहेर तमिळ.

आता मी वेलचेरीकडे परत येतो. येथल्या दंडीश्वराच्या देवळावर चोळांच्या काळातले शिलालेख आहेत. हे गाव म्हणजे एक तळे, तळ्याखाली भातशेती, आणि पूर्व-दक्षिणेला पल्लीकरणैची विस्तीर्ण दलदल, असे शतकानुशतके होते. तमिळ देशात अशा तळ्याला ‘एरि’ म्हणतात. पावसाचे तीन महिने पाणी साठवायचे आणि उरलेले नऊ महिने पुरवायचे, हे एरिचे काम. याच चेंगलपट्टूच्या मुलखात उत्तरमेरूर नावाचे गाव आहे. पहिल्या परांतक चोळाच्या कारकिर्दीतले इसवी सन 919 आणि 921 चे शिलालेख तेथल्या भिंतीवर आहेत. गावाचे तीस विभाग करून, नावांच्या चिठ्ठ्या घड्यात टाकून, लहान मुलाच्या हातून त्या काढून गावच्या समित्या कशा निवडाव्यात, याचे नियम त्यांत कोरलेले आहेत. तीस जणांपैकी बारा वार्षिक समितीवर, बारा ‘तोट्टवारियम’वर, म्हणजे बागेच्या समितीवर, आणि सहा ‘एरिवारियम’वर, म्हणजे तळ्याच्या समितीवर. वार्षिक समितीवर जायचे, तर आधी बागेच्या किंवा तळ्याच्या समितीचे काम केलेले असले पाहिजे, अशीही अट आहे.

मी शासकीय सेवेत असल्यामुळे या अटीपाशी पुष्कळ वेळ थांबलो. ज्याने बाग सांभाळली नाही, तळे राखले नाही, त्याला गावाचा कारभार देऊ नये, असे अकराशे वर्षांपूर्वीच्या गावकऱ्यांना वाटले. बाग आणि तळे यांच्या समित्या शेजारी शेजारी ठेवण्यात त्यांनी जो व्यवहार ओळखला, तो साधाच आहे. भाजीचे पहिले कोठार म्हणजे पाणी. थंडी असो वा ऊन असो, आधी पाणी साठले पाहिजे. मग भाजी साठते.

वेलचेरीने हे कोठार हळूहळू भरून टाकले. शहर वाढले, तळ्याच्या कडा घरांखाली गेल्या, दलदलीवर रस्ते, कार्यालये आणि कचऱ्याचे ढीग आले. 2007 साली लोकल आगगाडी येथपर्यंत आली आणि जमिनीचे भाव चढले. पल्लीकरणैची दलदल कधीकाळी कितीतरी मैल पसरलेली होती. तिचा थोडाच भाग उरला आहे, आणि 2022 साली त्याला पाणथळ जागांच्या आंतरराष्ट्रीय यादीत स्थान मिळाले. मी कोणा एकाला दोष देत नाही. ज्या इमारतीत मी राहतो, तीही कोणे एके काळी शेत असणार.

2015 च्या नोव्हेंबरात चेन्नईत हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, आणि 1 डिसेंबरच्या एका दिवसरात्रीत जवळच्या तांबरमला 490 मिलिमीटर. वेलचेरीतल्या गल्ल्यांतून होड्या फिरल्या. आमच्या इमारतीचा तळमजला बुडाला. वीज चार दिवस नव्हती. शीतकपाटात आठवड्याची भाजी भरून ठेवलेली होती. दुसऱ्या दिवशी कोबीला वास सुटला, तिसऱ्या दिवशी गाजरे बुळबुळीत झाली. टोपलीभर विलायती भाजी माझ्या डोळ्यांदेखत नासली. कोपऱ्यावरच्या बाईंचे दुकान पाण्यात होते. घरात तांदूळ होते, तूरडाळ होती. आणि त्याखेरीज काही नव्हते.

आमच्याच मजल्यावर तंजावरकडच्या एक वृद्ध मराठी आजी राहतात. तिसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी दार वाजवले. हातात पातेले होते. त्यात वाळवलेल्या गवारीचे आणि सुंडक्कायचे कुळंबू. तेवढ्यावर आम्ही आणि मजल्यावरची आणखी दोन घरे दोन दिवस जेवलो. पातेले परत करायला गेलो, तेव्हा त्यांनी सहज विचारले, की तुमच्या घरी वाळवणाचे काहीच कसे नाही? मला उत्तर देता आले नाही. माझी आई दर चैत्रात गच्चीवर सांडगे घालीत असे. कावळे राखायला मला बसवीत असे. घरात शीतकपाट आले, आणि ते काम कधी थांबले हे आमच्यापैकी कोणाच्याच ध्यानात राहिले नाही. ज्या कोठाराला वीज लागत नाही, भाडे लागत नाही, ते आम्ही आपल्या हाताने मोडले होते, आणि तेही त्याच पिढीत, जिने शिक्षण घेतले, इतिहास वाचला.

त्यानंतरही अशी वेळ आली. 2020 च्या मे महिन्यात साथीमुळे कोयंबेडूचा घाऊक बाजार बंद ठेवावा लागला. जुन्या कोत्तवाल चावडीतून 1996 साली हलवलेला हा बाजार साऱ्या शहराला भाजी पुरवतो. तो थांबला आणि दर भडकले. 2023 च्या डिसेंबरात मिचाँग वादळाने वेलचेरी पुन्हा पाण्यात गेली. पण तोवर आमच्या घरात तीन बरण्या भरलेल्या होत्या. आजींच्या देखरेखीखाली माझ्या पत्नीने आणि मी गच्चीवर वत्तल घालायला सुरुवात केली होती. पहिल्या वर्षी मीठ जास्त पडले. दुसऱ्या वर्षी जमले.

कोणी म्हणेल, की विजेच्या आणि शीतगृहांच्या युगात हे मागे जाणे झाले. मला तसे वाटत नाही. शीतगृहे हवीतच, त्यांच्यावाचून निलगिरीच्या शेतकऱ्याचा माल उतारावरच सडेल. उत्तरेकडच्या संशोधन संस्थांनी मैदानातही बी धरणाऱ्या सलगमाच्या जाती काढल्या, हेही मोठे काम आहे. माझे म्हणणे एवढेच, की एकाच कोठारावर सारा संसार टांगू नये. इंग्लंडच्या शेतकऱ्याने मातीचा ढीग राखला, काश्मीरच्या बाईने माळा ओवल्या, मद्रासच्या बाईने ताकात गवार भिजवली. प्रत्येकाने आपापल्या आकाशाकडे पाहून साठवण ठरवली. आपणही आपल्या आकाशाकडे पाहावे, आणि त्याआधी आपल्या तळ्याकडे.

जानेवारीत कोपऱ्यावरच्या बाईंकडे सलगम येतो, तेव्हा मी अर्धा शेर तरी घेतो. घरी आल्यावर पाला लगेच कापून टाकावा. तो कंदातले पाणी ओढून घेतो. पाल्याची त्याच दिवशी मुगाच्या डाळीत भाजी करावी. कंद धुऊ नयेत. मातीसकट ओल्या फडक्यात गुंडाळून थंड जागी ठेवावेत, म्हणजे मद्रासच्या हवेतही आठ-दहा दिवस राहतात. त्याहून अधिक टिकवायचे, तर चकत्या करून दोऱ्यात ओवाव्या आणि उन्हात टांगाव्या. गेल्या वर्षी मी तसे करून पाहिले. आजींनी त्या माळेकडे पाहिले, एक चकती मोडून दातांखाली धरली, आणि ‘ही आमची नव्हे, पण चालेल,’ असे म्हणाल्या. संध्याकाळी फिरायला निघालो, की मी वेलचेरीच्या उरलेल्या तळ्याच्या बांधावरून जातो. पावसाळा संपता संपता त्यात किती पाणी आहे, एवढे रोज पाहून घ्यायची मला आता सवय लागली आहे.